सभागृहात फोटो काढायचाय? आधी निवडून या!

अधिवेशन बघायला निघालात? जा, जरूर जा. आमदारांच्या पीएला फोन करत राहा, कधीतरी उचलतो. पास मिळाला की मोबाइल, पेन, पिशवी, पाण्याची बाटली सगळं गेटवर ठेवा. स्मार्ट घड्याळही काढा, त्यातून म्हणे देशाला धोका असतो.

गॅलरीत पुढे वाकू नका, पायावर पाय टाकू नका.

पेंगू नका. तो मान सभागृहात खाली बसलेल्यांचा आहे.

सोबत लहान मूल तर अजिबात नेऊ नका. मी भाचीला नेलं. कुठल्या सभागृहात ते विचारू नका. पोरीच्या फ्रॉकच्या खिशात पेन्सिलीचं थोटूक राहून गेलं होतं. पासाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती अध्यक्षांची खुर्ची काढत बसली. चित्र रंगात आलं आणि मागून आवाज आला, "ए, काय करतेस? पूस ते." खोडरबर कुठून आणणार? अंगठ्याला थुंकी लावून बिचारीनं खुर्ची पुसली, पासाचा कागद काळा झाला. आणि नेमक्या त्याच वेळी खाली एक सन्माननीय सदस्य अध्यक्षांकडे पाठ करून, मान तिरकी करून सेल्फी काढत होते. पहिला नीट आला नसावा, कारण दुसरा काढला. त्यांना कुणी "पूस ते" म्हणालं नाही. रात्री त्यांचं रील आलं, खाली तुतारीचं संगीत. अध्यक्षांची खुर्ची त्यात भाचीच्या चित्रापेक्षा वाकडी आलीय!

तेव्हा फोटोची हौस असेल तर आधी निवडून या. सदस्यांनाही चित्रीकरणाला बंदी आहेच, पण ती काय टिपलं त्यावर ठरते. 2023 च्या फेब्रुवारीत काँग्रेसच्या खासदार रजनी पाटील यांनी राज्यसभेतल्या घोषणाबाजीचा व्हिडिओ काढला, तर अधिवेशनापुरतं निलंबन झालं. स्वतःचं तोंड टिपलं असतं तर?

पत्ते खेळायचे असतील तर आजूबाजूला बघून खेळा. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळताना दिसले. गेम आपोआप आला, मी तो बंद करत होतो, असा खुलासा झाला. मग राज्यात खल सुरू झाला, व्हिडिओ काढला कोणी! शेवटी कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. गुणांची कदर अशी असते.

कर्नाटकाकडूनही शिका. 2012 मध्ये विधानसभेत मोबाइलवर अश्लील चित्रफीत बघणारे मंत्री वृत्तवाहिनीच्या कॅमेऱ्यात सापडले आणि तीन राजीनामे पडले. 2019 मध्ये खासगी वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांनाच सभागृहाचं दार बंद झालं. रोग गेला की नाही माहीत नाही, एक्स-रे मशीन मात्र काढून टाकलं.

आणि सन्माननीय सदस्यांनो, या बंदीसाठी सुरक्षेचं कारण पुढे करू नका हो. 13 डिसेंबर 2023 ला लोकसभेत उड्या मारणारे दोघे धुराच्या नळकांड्या बुटात घालून आले होते, तेही खासदाराच्या शिफारशीच्या पासावर. 2001 च्या हल्ल्याचा तोच दिवस! बूट काढायला लावा, काढतो. तासभर रांगेत उभं करा, राहतो. मोबाइलही ठेवतो बाहेर, त्यात अन्याय काही नाही.

पण मग तुमचा स्वतःचा कॅमेरा तरी फिरवा की! थेट प्रक्षेपणात बोलणाऱ्याचा चेहरा आणि अध्यक्ष, अध्यक्ष आणि बोलणाऱ्याचा चेहरा. मागची बाकं कुठायत? अतिवृष्टीवरच्या चर्चेला कितीजण बसलेत? आमच्या पैशानं दिवे लागतात तिथे, एसी चालतो, भत्ते निघतात. रिकामी बाकं दिसली तर सभागृहाची अप्रतिष्ठा होते म्हणता? अप्रतिष्ठा बाकं रिकामी ठेवल्यानं होते, दाखवल्यानं नाही. लाज वाटत असेल तर कँटीनमधून उठा आणि आत येऊन बसा.