शेवटच्या नळाला क्लोरीन आहे का, एवढंच सांगा

"पाण्याचे सर्व नमुने पिण्यायोग्य" अशी बातमी वाचली की माझा पहिला प्रश्न असतो, नमुना घेतला कुठून आणि किती वाजता? टाकीखालच्या नळाचं सॅम्पल घेतलं तर ते चांगलंच येणार, त्यात नवल काय. फिल्टर हाऊसमधून निघतं ते पाणी बहुतेक वेळा ठीक असतं हो, तुरटी पडलेली असते, वाळूतून गाळलेलं असतं, क्लोरीन मारलेला असतो. लोचा होतो तो पुढच्या पाच-सात किलोमीटरात, रस्त्याखाली, जिथं रस्ता खचेपर्यंत कुणी डोकावत नाही.

आपल्याकडे पाणी येतं म्हणजे "सुटतं". कुठं दोन तास, कुठं एक दिवसाआड, मराठवाड्यात तर आठवड्यातून एकदा आलं तरी लोक समाधानी. बाकी वेळ लाईन रिकामी. आणि तिच्या शेजारून ड्रेनेजची लाईन चाललेली, तीही आजोबांच्या काळातली. पाण्याची लाईन अजिबात लिक नाही असं एक शहर दाखवा मला. पाणी चालू असतं तेव्हा प्रेशरमुळे त्या भोकातून पाणी बाहेर पडतं, त्याला आपण गळती म्हणतो आणि किती पाणी वाया गेलं यावर चर्चा करतो. पाणी बंद झालं की त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत येतं, त्यावर मात्र चर्चा नाही. वर आपण नळाला डायरेक्ट मोटर लावतो, रसवंतीतल्या स्ट्रॉसारखी लाईन ओढतो, मग आजूबाजूच्या चिखलातलं जे काय असेल ते ओढलं जाणारच ना. (हो, मोटर सगळेच लावतात, माहितीये. नगरसेवकाच्या बिल्डिंगला पण असते.)

हा नुसता माझा तर्क नाही. हुबळी-धारवाडला काही वॉर्डांत 2008 च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं, बाकी शहराला नेहमीसारखं काही दिवसांनी एकदा. संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. थांबून-थांबून पाणी येणाऱ्या भागात जवळपास 32 टक्के नमुन्यांत ई. कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, आणि चोवीस तासवाल्या भागात 1 टक्क्याहून कमी. शहर एकच, फरक पाईपातल्या प्रेशरचा. आणि पाणी सुटल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांचं पाणी सगळ्यात वाईट निघालं. आपल्या आज्या "पहिलं पाणी सोडून दे गं" म्हणायच्या ते उगाच नाही.

म्हणून पेपरात "गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने" असं छापून येतं ना, पुणेकरांना तोंडपाठ आहे ते, त्याच्याखाली "गाळून व उकळून प्यावे" हेही दर वेळी छापायला पाहिजे. आपण ते वाचून फक्त बादल्या भरून ठेवतो.

पुण्यातलं 2025 च्या जानेवारीतलं जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) आठवतंय का? सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. दोनशेच्या वर संशयित पेशंट, कित्येक जण व्हेंटिलेटरवर. पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जंतू सापडला, नोरोव्हायरसही सापडला, आणि सगळ्यांच्या नजरा नांदेडच्या विहिरीकडे वळल्या, जिथलं पाणी फिल्टर न होता नुसत्या क्लोरीनवर आसपासच्या गावांना जात होतं. ही गावं महापालिकेत आली, टॅक्सची बिलं आली, फिल्टरचं पाणी काही आलं नाही. आणि यातली खरी भीती अशी की आधी पोट बिघडतं, आणि मग एक ते तीन आठवड्यांनी हातापायातली ताकद जाते. म्हणजे हॉस्पिटलात पेशंट दिसायला लागले तोवर ते पाणी कधीच पिऊन झालेलं. काविळीचंही तेच. इचलकरंजीत 2012 ला काविळीची साथ आली, पंचगंगेचं पाणी. हिपॅटायटिस ई, म्हणजे काविळीचा व्हायरस, शरीरात गेल्यावर दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. पेशंट मोजून पाण्यावर लक्ष ठेवायचं म्हणजे काय ठेवणार तुम्ही?

बरं, नुसता "जंतू सापडले नाहीत" हा रिपोर्टही पुरत नाही. दिल्लीत 1955-56 ला यमुनेला पूर आला, पात्र सरकलं आणि नाल्याचं सांडपाणी उलटं वझिराबादच्या पंपापर्यंत आलं. तिथल्या लोकांना कळलं, त्यांनी तुरटी आणि क्लोरीनचा डोस वाढवला. टायफॉइड वाढला नाही. पण काविळीचे 29 हजारांवर पेशंट झाले, कारण तो व्हायरस त्या डोसला पुरून उरला. तो हिपॅटायटिस ई होता हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. म्हणून आपल्या पिण्याच्या पाण्याच्या सरकारी मानकात (बीआयएसचं 10500) नळाशी उरलेला क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर सांगितलाय, आणि व्हायरसचा धोका असेल तेव्हा 0.5. जंतूंच्या कल्चरला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जातात, मग रिपोर्ट टाईप होणार, मग साहेबांची सही. क्लोरीन एका मिनिटात कळतो, म्हणून मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

मी केमिस्ट्री शिकवते त्यामुळे घरात टेस्टिंगची बाटली असतेच, पण ती वापरायची कशी हे मला आमच्या भागातल्या एका लाईनमन काकांनी शिकवलं. आमच्या गल्लीत पाण्याला वास यायला लागला, तक्रारी झाल्या, ऑफिसातून उत्तर "आमच्याकडे सर्व रीडिंग नॉर्मल". काका सकाळी पाणी सुटल्या सुटल्या आले, खिशात क्लोरोस्कोप, म्हणजे रंगावरून क्लोरीन मोजायची डबी. पहिल्या घराचा नळ, दोन थेंब ओटी (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन असला की पाणी पिवळं करतं), लगेच पिवळंधमक. दुसरं घर पिवळं. चौथ्या घराला फिकट, पाचव्याला पाण्यासारखं पाणी, काहीच रंग नाही. म्हणाले, "मॅडम, या दोन घरांच्या मधी खोदायचं, बाकी रस्ता फोडायची गरज नाय." खोदलं तर जुनं जीआय (लोखंडी) पाईपचं कनेक्शन ड्रेनेजच्या चेंबरमधून आरपार गेलेलं, गंजून पापुद्रे निघालेले, आणि भोक एवढंसं की करंगळीचं टोकही जाणार नाही. सॅडल (मेन लाईनवरचा जोड) बदलला, कनेक्शन चेंबरच्या बाहेरून वळवलं, मग जास्त डोसचं क्लोरीन भरून लाईन बंद ठेवली आणि वॉशआऊटमधून (लाईन धुवायच्या व्हॉल्व्हमधून) सोडून दिली. संध्याकाळी परत सगळ्या नळांना पिवळं. हा माणूस कंत्राटी आहे, पगार सांगितला तर तुम्हाला खोटं वाटेल.

आता मुद्द्यावर येते. स्मार्ट सिटी, स्काडा (कॉम्प्युटरवरून लाईनवर लक्ष ठेवायची यंत्रणा), डॅशबोर्ड, सगळं होऊ दे, माझा विरोध नाही. पण सेन्सर बसवायचा तर टाकीवर नको, लाईनच्या शेवटी बसवा, चढावरच्या वस्तीत, डेड एंडला, जिथं पाणी सगळ्यात उशिरा आणि धापा टाकत पोचतं. क्लोरीन आणि प्रेशर दोनच आकडे द्या. टाकीवर 0.6 आणि टोकाला 0 याचा अर्थ मधे काहीतरी क्लोरीन खातंय, तेव्हा टाकीवर पावडर आणखी ओतून भागत नाही, भोक शोधावं लागतं. आणि तो आकडा वॉर्डनिहाय रोज लोकांना दाखवा. लपवला की लोक व्हॉट्सॅपवर काहीही पसरवतात, मग खुलासे करत बसायचं.

गावाकडं हे उलट थोडं बरं आहे, कागदावर तरी. पाणी बघायला जलसुरक्षक नेमलेला आहे, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर आहे, पावसाळ्याआधी आणि नंतर सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. फक्त पावडरचं पोतं ओलीला उघडं पडलेलं असतं. टीसीएलमधला क्लोरीन 20 टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर कामाची नाही, पण पोत्यावर ते दिसत नाही ना, पांढरं ते पांढरं. शहरातल्या वॉर्डांना असं लाल कार्ड का नाही हो? एखाद्या प्रभागाला लाल कार्ड लागू दे एकदा, फ्लॅटचे भाव हलतील, मग बघा किती पटकन लाईन बदलते.

"आपल्याकडे चोवीस तास अशक्य" म्हणणाऱ्यांनी कराडजवळच्या मलकापूरला जाऊन यावं. छोटं गाव, मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं त्यांनी. ओडिशातल्या पुरीत 2021 पासून नळाचं पाणी थेट प्या म्हणतात, आणि तिथं बचत गटातल्या बायका, जलसाथी नावाने, घरोघरी जाऊन पाणी तपासतात आणि बिलंही गोळा करतात. पाणी तपासणारी बाई ओळखीची असली की लोक बिलही भरतात, हे मला फार पटलं. मीटरला विरोध करणाऱ्यांत आपल्याच सोसायट्या पुढे असतात, तेही बोलायला पाहिजे.

आणि आरओ. स्वयंपाकघरात आरओ बसला त्या दिवशी आपल्या वर्गाचं तोंड बंद झालं. पाणी खराब आलं तर आपण कॅंडल बदलतो, तक्रार करत नाही. आपल्याच सोसायटीत काम करणाऱ्या ताई खाली वॉचमनच्या नळाचं पाणी पितात, त्यांच्या घरी आरओ नाही. तक्रार कोण करणार मग?

कुणाला करून बघायचं असेल तर: टाकीचं पाणी नको, डायरेक्ट लाईनचा नळ घ्या, पाणी सुटल्यावर एकदा पहिल्या पाच मिनिटांत आणि एकदा अर्ध्या तासाने. ओटीत पिवळं लगेच आलं तर ठीक, हळूहळू चढत गेलं तर क्लोरीन मोकळा नाही, कशाला तरी चिकटलेला आहे. ओटी हे केमिकल काही बरं नाही, पोरांच्या हातात देऊ नका, डीपीडीची गोळी मिळाली तर ती घ्या, तिला गुलाबी रंग येतो. आकडा, भाग आणि वेळ कमेंटमध्ये टाका, घर नंबर नको. दहा-बारा गल्ल्यांचं जमलं की मी नकाशावर मांडून वॉर्ड ऑफिसात घेऊन जाते, सोबत यायला दोघं-तिघं लागतील, वर्किंग डेला अकरा वाजता, आधी सांगून ठेवते.