हॅलिफॅक्सला दोष द्या, पण त्याने जे केलं त्याचा

लॉर्ड हॅलिफॅक्सबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की ब्रिटनचा हा उमराव परराष्ट्रमंत्री आतून हिटलरचाच माणूस होता, 1940 ला त्याला देश जर्मनीच्या हवाली करायचा होता, आणि ते कळल्यावर चर्चिलने त्याला हाकलून अमेरिकेला पाठवलं. तिन्ही गोष्टी जशा सांगितल्यात तशा घडलेल्या नाहीत.

त्याची वकिली करायची मला अजिबात हौस नाहीये. 1926 ते 1931 आपल्या डोक्यावर बसलेला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन तो हाच. सोलापूरचा मार्शल लॉ याच्याच काळातला, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी दिली तीही याच्याच काळात. त्याचा राग येतो, यायलाच हवा. पण म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवायचं का?

हिटलरचा माणूस म्हणे. नोव्हेंबर 1937 मध्ये तो हिटलरला भेटून आला आणि ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया आणि डान्झिग शहर इथे शांततेत बदल झाले तर आमचा विरोध नाही असं सुचवून आला, ही घोडचूकच होती. फेब्रुवारी 1938 ला आधीचा परराष्ट्रमंत्री ईडन याने राजीनामा दिल्यावर हा परराष्ट्रमंत्री झाला आणि हिटलरशी जुळवून घेणाऱ्या पंतप्रधान चेंबरलेनचीच री ओढत राहिला. पण पुढचं कोणी सांगतच नाही. त्याच वर्षी हिटलरने जर्मनीतल्या गोडेसबर्गच्या भेटीत चेकोस्लोव्हाकियाकडून प्रदेश घेण्याच्या वाढीव मागण्या टाकल्या तेव्हा 24 सप्टेंबरच्या रात्री त्याच्याच खात्याचा सचिव कॅडोगन त्याला खूप बोलला, याला रात्रभर झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी कॅबिनेटमध्ये याने चेंबरलेनच्या तोंडावर सांगितलं की या अटी मानायला चेकांवर दबाव आणू नये. चेकांचा प्रदेश हिटलरला देणारा म्युनिक करार तरी झालाच आणि याने राजीनामाही दिला नाही, तो दोष त्याचाच. मात्र 31 मार्च 1939 ला पोलंडला हमी दिली गेली त्यामागेही हाच होता.

आता मे 1940. फ्रान्स कोसळतोय, सैन्य डंकर्कला अडकलंय, किती जण परत येतील कोणालाच माहीत नाही. अशा वेळी वॉर कॅबिनेटमध्ये, म्हणजे युद्ध चालवणाऱ्या छोट्या मंत्रिमंडळात, हॅलिफॅक्सचं म्हणणं होतं की मुसोलिनीमार्फत अटी काय मिळतात ते बघू, पण ब्रिटनच्या स्वातंत्र्याला धक्का लागत असेल तर नाही. चर्चिलचं म्हणणं, एकदा बोलणी सुरू केली की घसरण थांबणारच नाही, आणि माझ्या मते चर्चिलच बरोबर होता. पण याला शरणागती कशी म्हणायची? आणि देश विकायचाच होता तर 9 मेला पंतप्रधानपद जवळजवळ हातात आलेलं असताना, उमरावांच्या सभागृहात बसून युद्ध चालवता येणार नाही म्हणून याने ते सोडलं कशाला? जुलैमध्ये हिटलरने जाहीर भाषणात तडजोडीची भाषा केली, तेव्हा 22 जुलैला रेडिओवरून नकार दिला तोही यानेच.

राहिली हकालपट्टी. मेमधल्या वादानंतर तो सात महिने परराष्ट्रमंत्रीच होता! डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनचा राजदूत लॉर्ड लोथियन वारला आणि चर्चिलने याला तिकडे पाठवलं, याला जायचं नव्हतं आणि चर्चिलला तो लंडनमध्ये नको होता, इथवर खरं आहे. पण ब्रिटनचा सगळा जीव अमेरिकेच्या मदतीवर अडकलेला असताना ही जागा गद्दाराला कोण देईल? मार्च 1941 ला ब्रिटनला युद्धसामग्री पुरवायचा अमेरिकेचा लेंड-लीज कायदा झाला आणि पुढची सगळी मदत येत राहिली तेव्हा वॉशिंग्टनमध्ये हाच बसलेला होता, थेट 1946 पर्यंत. मधल्या काळात त्याचा एक मुलगा पीटर 1942 ला इजिप्तमध्ये लढताना मारला गेला, आणि दुसऱ्याने, रिचर्डने, त्याच आघाडीवर दोन्ही पाय गमावले.