बेन होगनने गोळ्या फेकल्या नव्हत्या

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश नाशिकच्या वेगवेगळ्या व्हॉट्सॲप गटांवरून माझ्याकडे चार वेळा आला आणि चारही वेळा मी तो न वाचल्यासारखा केला. पाचव्या वेळी तो थेट माझ्या मामांच्या औषधांच्या डब्यापर्यंत पोहोचला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

संदेश थोडक्यात असा आहे. बेन होगन हा अमेरिकी गोल्फपटू जन्मजात दैवी देणगी घेऊन आला होता. १९४९ मध्ये त्याच्या मोटारीला बसने समोरून धडक दिली, तेव्हा पत्नीला वाचवण्यासाठी त्याने तिच्या अंगावर झेप घेतली. 'आता चालणे विसरा' असे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याने ऑपरेशन नाकारले, गोळ्या खिडकीबाहेर फेकल्या, काठी मोडली आणि केवळ इच्छाशक्तीच्या बळावर अकरा महिन्यांत तो जगज्जेता झाला. पुढे जन्मभर त्याला डॉक्टरची गरज पडली नाही आणि १९५३ मध्ये त्याने चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. तात्पर्य, आजार शरीरात नसून मनात असतो. उठा आणि चाला. सोबत पाठमोऱ्या होगनचे एक छायाचित्र असून त्याखाली 'रुग्णालयातून सुटल्यानंतर तिसऱ्या महिन्यात' असे लिहिलेले आहे.

माझे मामा नाशिकच्या द्वारका चौकाजवळ स्कूटरवरून पडले. कमरेच्या हाडाला तडा गेला, काही आठवडे अंथरुणात गेले आणि त्या पडून राहण्यात डाव्या मांडीच्या नीलेत रक्ताची गुठळी झाली. तेव्हापासून त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि काठीशिवाय घराबाहेर पडायचे नाही, अशी सक्त ताकीद आहे. एरवी त्यांची प्रत्येक सकाळ गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर जाते आणि हा संदेशही त्यांना तिथल्याच फिरणाऱ्या मंडळींच्या गटावर मिळाला. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवे की या मैदानाचे खरे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, तिथे रणजी सामने होतात, पहाटे अर्धे शहर चालायला येते आणि गोल्फची काठी मात्र मी तिथे आजवर पाहिलेली नाही. गोल्फशी आमचा संबंध एवढाच असल्यामुळे गोल्फपटूच्या नावावर काहीही खपून जाते.

मामींचा फोन आला, "यांनी चार दिवस गोळी घेतलेली नाही, आणि आज काठी घरी ठेवून मैदानावर गेलेत. तू ये बाई." मामी गोळ्यांच्या पाकिटावर बॉलपेनने वार लिहून ठेवतात. मी गेले तेव्हा ते पाकीट जुन्या वर्तमानपत्राखाली सापडले. सोम, मंगळ, बुध, गुरू अशा चार गोळ्या जागच्या जागी होत्या. मामांनी उलट मलाच विचारले, "अगं, त्याला जमलं तर मला का नाही?"

म्हणून आधी त्याला काय जमले, ते पाहू.

अपघात खरा आहे आणि झेपही खरी आहे, एवढे मान्य करावेच लागते. २ फेब्रुवारी १९४९ रोजी टेक्सासमधील व्हॅन हॉर्न गावाजवळ, धुक्यात, ट्रकला मागे टाकू पाहणारी ग्रेहाउंड कंपनीची बस होगनच्या कॅडिलॅकवर समोरून आदळली. शेजारी बसलेल्या पत्नी व्हॅलरीला वाचवण्यासाठी तो तिच्या अंगावर झेपावला. चालकाची जागा सोडल्यामुळे त्याचाही जीव वाचला, कारण स्टिअरिंगचा दांडा त्याच जागेत घुसला होता. तरीही कमरेचे हाड दोन ठिकाणी मोडले आणि हासळीचे हाड, डावा घोटा व एक बरगडी यांनाही इजा झाली. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. माझे मामा अडुसष्ट वर्षांचे आहेत, हा फरक संदेश पुढे ढकलणाऱ्या एकाच्याही लक्षात आलेला नाही.

आता 'ऑपरेशन नाकारले आणि गोळ्या फेकल्या' या वाक्याकडे येऊ. हे वाक्य नुसते चुकीचे नाही, तर घडलेल्या गोष्टीच्या नेमके उलटे आहे. होगनला एल पासोच्या रुग्णालयात ठेवले होते आणि हाडे जुळण्याची वाट पाहणे चालू असतानाच त्याच्या पायांच्या नीलांमध्ये गुठळ्या होऊ लागल्या. पायातील गुठळी जागेवर राहिली तर पाय सुजतो आणि दुखतो, पण तिचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर हृदयात आणि तिथून फुप्फुसात जाऊन अडकतो, आणि मोठा तुकडा असेल तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. होगनच्या गुठळ्या फुप्फुसापर्यंत पोहोचल्या होत्या. मोडलेल्या हाडांनी जे केले नव्हते, ते या गुठळ्या करणार होत्या.

तेव्हा न्यू ऑर्लिन्सहून डॉ. ऑल्टन ऑक्सनर या त्या काळातील नामवंत शल्यचिकित्सकाला हवाई दलाच्या विमानाने एल पासोला आणण्यात आले. त्यांनी होगनचे पोट उघडले आणि पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मुख्य नीलाच बांधून टाकली, म्हणजे गुठळीचा वर जाण्याचा रस्ताच बंद केला. होगनची जवळपास सगळी चरित्रे हा प्रसंग सांगतात, कारण हे ऑपरेशन वगळले तर पुढची कथाच उरत नाही. होगन इच्छाशक्तीने नव्हे, या टाक्यांमुळे जगला. इच्छाशक्ती कामी आली ती नंतर. शिवाय या उपायाची किंमत त्याने जन्मभर मोजली. मोठा रस्ता बंद झाल्यामुळे पायांतील रक्त लहान नीलांच्या आडवाटेने परतू लागले, पाय सुजत आणि दुखत राहिले आणि तसेच ते अखेरपर्यंत राहिले.

हे मी मामांना जसे सांगितले तसेच इथे लिहिते. त्या वेळी ज्यासाठी पोट उघडून नीला बांधावी लागली, ते काम आज बहुतेक रुग्णांमध्ये रोजच्या गोळीवर भागते. गोळी आपल्या मनाने मध्येच थांबवली की गुठळी वाढण्याचा आणि सुटण्याचा धोका पुन्हा उभा राहतो, आणि आतून तसे काही जाणवतही नाही. 'चार दिवस काही झाले नाही' याचा अर्थ 'गरज नव्हती' असा मुळीच होत नाही. मामांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे गोळी पुन्हा सुरू झाली. ते फोनवर काय बोलले, ते छापण्याजोगे नाही.

जाता जाता एक गोष्ट. तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध फार आधीपासून ठासून सांगणाऱ्या डॉक्टरांपैकी ऑक्सनर एक होते आणि त्यांचा हा प्रसिद्ध रुग्ण एकामागून एक सिगारेटी ओढणारा होता. आरोग्याचा आदर्श म्हणून होगनचे चित्र फिरवणाऱ्यांनी हे तरी लक्षात ठेवावे.

चालण्याबद्दल मात्र संदेशात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने कबूल करते. पडून राहिल्याने गुठळ्या होतात, म्हणून डॉक्टरही रुग्णाला शक्य तितक्या लवकर हलवतात, आणि होगननेही तेच केले. पण किती, कशाच्या आधाराने आणि कोणत्या क्रमाने, हे त्या वाक्यात नसते. होगन एप्रिलच्या सुरुवातीला रुग्णालयातून सुटला आणि घरातल्या घरात फेऱ्या मारू लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रायडर चषकासाठी, म्हणजे अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील सांघिक गोल्फ सामन्यासाठी, तो इंग्लंडला गेला, पण न खेळणारा कर्णधार म्हणून.

'अकरा महिन्यांत जगज्जेता' यातले अकरा महिने बरोबर आहेत, जगज्जेता चूक आहे. जानेवारी १९५० मध्ये तो लॉस एंजेलिस ओपनमध्ये उतरला, सॅम स्नीड या गोल्फपटूशी बरोबरी साधली आणि प्लेऑफ, म्हणजे बरोबरी फोडणारी जादा लढत, हरला. यूएस ओपन त्याने जिंकली ती जून १९५० मध्ये, फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन क्लबवर, म्हणजे अपघातानंतर सोळा महिन्यांनी. त्या स्पर्धेत शेवटच्या शनिवारी एकाच दिवसात छत्तीस होल, म्हणजे गोल्फच्या दोन पूर्ण फेऱ्या, चालून खेळायचे होते आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफचे आणखी अठरा. अमेरिकी गोल्फ संघटनेच्या नोंदीत प्लेऑफचे आकडे आहेत (गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो): होगन ६९, लॉइड मॅन्ग्रम ७३, जॉर्ज फाझिओ ७५. एवढे चालता यावे म्हणून तो रोज गरम पाण्यात पाय शेकून घेत असे आणि घोट्यापासून मांडीपर्यंत लवचीक पट्ट्या गुंडाळत असे.

'पुढे जन्मभर त्रास नाही' या दाव्याला त्याचे वेळापत्रकच उत्तर देते. अपघातानंतर तो वर्षाकाठी मोजक्याच स्पर्धा खेळला. १९५३ मध्ये, म्हणजे त्याच्या सर्वोत्तम वर्षी, तो फक्त सहा स्पर्धांत उतरला आणि त्यातल्या पाच जिंकल्या. चार मोठ्या स्पर्धांपैकी पीजीए चँपियनशिप त्याने दोनदा जिंकलेली होती, पण तेव्हा ती बाद पद्धतीने खेळली जाई, अनेक दिवस रोज छत्तीस होल चालावे लागे आणि ते पायांना झेपणारे नव्हते, म्हणून १९६० पर्यंत तो तिकडे फिरकला नाही. काठी मोडणाऱ्या माणसाचे हे वागणे नव्हे.

आणि म्हणूनच 'चारही मोठ्या स्पर्धा' हेही खोटे. १९५३ मध्ये त्याने मास्टर्स, यूएस ओपन आणि स्कॉटलंडमधील कार्नूस्टीची ब्रिटिश ओपन अशा तीन जिंकल्या; चौथी पीजीए होती आणि तिच्या तारखाही ब्रिटिश ओपनशी भिडत होत्या. आजच्या चारही मेजर स्पर्धा एकाच वर्षात अद्याप कोणीही जिंकलेल्या नाहीत. तीन जिंकणे पुरेसे नव्हते, असे संदेश लिहिणाऱ्याला का वाटले असावे, कोण जाणे.

दैवी देणगीवर तर फार शब्द खर्च करण्याचे कारणच नाही. तो नऊ वर्षांचा असताना लोहारकाम करणाऱ्या वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, अकराव्या वर्षी तो फोर्ट वर्थच्या क्लबवर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारा पोरगा, झाला, १९३० मध्ये व्यावसायिक झाला, मध्यंतरी खिशातले पैसे संपून घरी परतला आणि एकट्याच्या नावावर पहिली स्पर्धा जिंकायला १९४० उजाडले. दहा वर्षे ही कसली देणगी?

राहिले छायाचित्र. ते रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यातले नाही. हाय पेस्किन या छायाचित्रकाराने ते मेरियनला, त्या छत्तीस होलांच्या दिवशी, शेवटच्या होलवर टिपले आहे: पांढरी टोपी घातलेला पाठमोरा होगन, वन आयर्न या काठीने फटका मारून हात वर गेलेले, आणि समोर हिरवळीपर्यंत दोन्ही बाजूंना दाटलेली माणसे. मामांनी ते मोबाइलवर बोटांनी मोठे करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "पट्ट्या कुठे दिसत नाहीत."

"पँटच्या आत आहेत, मामा."

त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि मामींना पाणी मागितले. मामींनी पाण्याबरोबर शुक्रवारची गोळी आणली.