मुलीकडची मंडळी

माझी मुलगी अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका विद्यापीठात शिकते. तिथे फेब्रुवारीच्या मध्यापासून अभ्यासापेक्षा बेसबॉल अधिक गांभीर्याने घेतला जातो, हे मला तिची फी भरून झाल्यावर कळले. साखळीतले सामने शुक्रवार, शनिवार, रविवार असे ओळीने तीन दिवस चालतात. असाच एक परगावचा सामना ह्यूस्टनच्या आमच्या घरापासून तीन तासांच्या अंतरावर ठरला, तेव्हा तिचा फोन आला. "बाबा, माझी परीक्षा आहे. तू जा. तिथे आपलं कोणीच नसतं."

पाठीराखा कसा असावा याचा आदर्शही तिने समोर ठेवला. देशातले शेवटचे आठ कॉलेज संघ जूनमध्ये नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाला जातात आणि १९५० पासून अंतिम स्पर्धा त्याच गावी होते. २०२३ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या पाठीराख्यांनी तिथल्या एका बारमध्ये दारू घातलेल्या जेलीचे ६८,८८८ पेले फस्त केले होते. माझ्याकडून तिची अपेक्षा फक्त टी-शर्ट घालण्याची होती. तो टपालाने आला आणि पिवळाधमक निघाला. "हळद लागल्यावर नवरदेवसुद्धा घराबाहेर पडत नाही, आणि तुम्ही तर जिल्हा ओलांडताय," असे म्हणून सौभाग्यवतींनी येण्याचे नाकारले.

घरच्या मैदानावरचा प्रेक्षक हा वरपक्ष असतो. त्याने आरडाओरडा केला तरी तो उत्साह ठरतो. पाहुण्या संघाचा प्रेक्षक म्हणजे जुन्या काळचा वधूपक्ष. आम्ही चाळीस जण तिसऱ्या बेसमागे एका कोपऱ्यात बसलो होतो, आणि माझ्याखेरीज सगळे खेळाडूंचे आईवडील होते. कॉलेजच्या खेळाडूंना धातूची बॅट चालते, त्यामुळे चेंडू बसला की ओट्यावरून तांब्या पडल्यासारखा आवाज होतो आणि पाठोपाठ हजारो माणसे गर्जना करतात. गर्जना झाली नाही, तर फटका आपला आहे असे समजावे, हे मला चौथ्या डावात उमगले. तोपर्यंत मी दोनदा चुकीच्या बाजूने टाळ्या वाजवल्या होत्या.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या ऑल्सेन फील्डवर पाहुण्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार 'बॉल', म्हणजे वाईड चेंडू, टाकून फलंदाजाला पहिला बेस फुकट दिला, की प्रेक्षक तिथे न थांबता 'बॉल फाइव्ह', 'बॉल सिक्स' असे पुढे मोजू लागतात आणि पिचरने स्ट्राइक, म्हणजे नेमका चेंडू, टाकेपर्यंत हा पाढा चालू ठेवतात. मी गेलो ते मैदान वेगळे होते. त्याचे नाव सांगणार नाही, कारण तिथल्या लोकांनी मला खाऊ घातले आहे आणि मी खाल्ल्या मिठाला जागतो. तिथल्या विद्यार्थ्यांनी आमच्या एका फलंदाजाच्या आईचे नाव कुठूनसे शोधून काढले होते आणि ते आरतीच्या ठेक्यात तिच्या नावाचा गजर करीत होते. ती माऊली माझ्या शेजारीच होती. तिने उठून, वळून, प्रसन्नपणे हात हलवला. मात्र मुलगा फलंदाजीला आला की ती मैदानाकडे बघत नसे. मान खाली घालून सूर्यफुलाच्या बिया सोलत राही आणि गोंगाटावरून काय झाले असेल ते ओळखी.

सहाव्या डावात भूक लागली म्हणून मी फिरत फिरत डाव्या कुंपणामागे गेलो. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या डुडी नोबल फील्डवर लोक तिथे शेगड्या पेटवून मांस भाजत सामना पाहतात. इथेही तसाच थाट होता. माझा पिवळा अवतार पाहून सगळे हसले, आणि मी मांस खात नाही हे कळताच त्यांना माझी खरोखरच दया आली. त्यांनी मला खुर्ची दिली आणि लोण्यात न्हालेले कणीस हातात ठेवले.

इतक्यात तांब्या पडला. मैदान गप्प झाले. चेंडू वर गेला, कुंपण ओलांडून आला आणि माझ्या पायाशी विसावला.

माझे बालपण शिवाजी पार्कच्या कडेला गेले आहे. तिथे पायाशी आलेला चेंडू परत फेकणे हा नागरिकशास्त्राचा भाग असतो. मी कणीस दाताखाली धरले आणि सर्व शक्तीनिशी तो मैदानात फेकला. त्याबरोबर सारे स्टेडियम उभे राहिले. लोकांनी माझी पाठ थोपटली, एकाने तर मला मिठी मारली. बेसबॉलमध्ये असा चेंडू प्रेक्षकाने ठेवून घ्यायचा असतो, आणि पाहुण्यांच्या होमरनचा, म्हणजे कुंपणापार गेलेल्या फटक्याचा, चेंडू परत भिरकावणे हा यजमानांनी पाहुण्यांचा करावयाचा खास अपमान असतो, हे मला शेगडीवाल्या गृहस्थांनी डोळ्यांत पाणी आणून समजावले.

मी कोपऱ्यात परतलो तेव्हा एकोणचाळीस माणसे माझ्याकडे पाहत होती. शेजारची माऊली मात्र आनंदाने रडत होती. कॉलेजमध्ये आल्यापासून तिच्या मुलाचा हा पहिलाच होमरन होता, आणि नेहमीप्रमाणे तिने तो पाहिला नव्हता.

"तुम्ही तिकडेच होतात ना?" तिने माझा हात धरून विचारले. "तो चेंडू कोणाला मिळाला, पाहिलंत का? मी त्याला हवे तेवढे पैसे देईन."