सगळ्यात मोठा ठिपका

सर, वर्गातले सारखे प्रोग्रॅम एकेका ठिपक्यात गोळा करून बघितले, जितकी पोरं जास्त तितका ठिपका मोठा, असं मी लिहिलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आउटपुट बरोबर तर मार्क, चूक तर जर्नल परत. त्यात ही ठिपक्यांची रांगोळी कशाला? आणि मोठा ठिपका म्हणजे पोरांनी एकमेकांचं छापलंय, हे मला कळू नये इतका मी भोळा आहे का, असंही तुम्ही विचारलंत.

छापाछापी पकडायला स्टॅनफर्डचं मॉस हे सॉफ्टवेअर १९९४ पासून आहे. पण पाच ओळींच्या प्रोग्रॅममध्ये प्रामाणिक पोरांचा कोडही जुळतोच, तिथं साम्यावरून चोर ठरवता येत नाही. मी वापरली ती पद्धत एमआयटीच्या ओव्हरकोड या टूलमधली, सारखी उत्तरं एकत्र लावणारी. प्रोग्रॅम चालवून बघायचा आणि प्रत्येक व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवायला पोरांनी नाव देऊन केलेला कप्पा) कोणत्या किमती कोणत्या क्रमानं येतात ते टिपायचं. क्रम सारखा आला की नावही एकच द्यायचं. म्हणजे एकाचा 'एम', दुसऱ्याचा 'बिग' आणि एका महाभागाचा 'वडापाव' (खरंच होता!) एकाच नावाखाली येतात. मग ज्यांच्या ओळी तंतोतंत जुळतात, त्यांचा एक ठिपका.

प्रश्न साधा होता: यादीतली सर्वांत मोठी संख्या शोधा. तयार मॅक्स फंक्शन वापरायचं नाही. निम्म्याहून जास्त वर्ग एकाच ठिपक्यात. तुमच्यासारखंच माझ्याही मनात आलं, झालं, एकानं लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं. पण त्या ठिपक्यातला कोड उघडला तर पहिली ओळ 'मॅक्स बरोबर शून्य', म्हणजे सुरुवातीला शून्यच सर्वांत मोठं धरलेलं. यादीत उणे ४, उणे ९, उणे २ घाला, उत्तर शून्य येतं. यादीत नसलेली संख्या! टेस्ट केसमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम तपासायला दिलेल्या याद्यांत, सगळ्या संख्या धन, म्हणून सगळे पास. टेस्ट केस माझ्याच.

एका मुलाला विचारलं, हे शून्य कुठून आणलंस? त्यानं मोबाईलमधला बोर्डचा फोटो दाखवला. अक्षर माझं.

तेव्हा सर, उतरवलं होतं हे तुमचं बरोबर. फक्त कुणाचं, ते आउटपुट बघून मला जन्मात कळलं नसतं.

कडेला एक एकटा ठिपका होता. त्या मुलीनं यादीतली पहिलीच संख्या मोठी धरून सुरुवात केली होती. व्हायवात 'बोर्डवर दिलंय तसं का नाही?' म्हणून मी तिचा अर्धा मार्क कापला होता. टर्मवर्कची शीट अजून ऑफिसात गेलेली नव्हती, म्हणून तो परत देता आला.