'सिक' हे लघुरूप नव्हे

माझ्या भाचीने प्रबंधाचा मसुदा वाचायला दिला, तेव्हा तिच्या स्वतःच्याच एका वाक्यात, एका शब्दापुढे चौकोनी कंसात 'एस. आय. सी.' ही तीन अक्षरे पूर्णविरामांसह बसलेली दिसली. विचारल्यावर तिने सध्या सगळीकडे फिरणारा एक संदेश दाखवला. 'सिक' ही 'स्पेलिंग इज करेक्ट' या शब्दांची आद्याक्षरे आहेत, शंका असलेल्या शब्दापुढे ती लिहिली की परीक्षक चूक धरत नाहीत, आणि दुसऱ्याच्या मजकुरात ती घालणे हा त्याचा अपमान असतो, असे त्यात छातीठोकपणे सांगितले आहे.

आद्याक्षरांची कथा निव्वळ कल्पित आहे. 'सिक' हे लॅटिन क्रियाविशेषण असून त्याचा अर्थ 'असे' किंवा 'याप्रमाणे' एवढाच आहे. प्राचीन रोमन कवी व्हर्जिल याच्या 'ईनिड' महाकाव्याचा सहावा सर्ग 'सिक फातुर लाक्रिमान्स', म्हणजे 'असे तो अश्रू ढाळीत बोलतो', या शब्दांनी सुरू होतो. व्हर्जिल इ.स.पू. 19 मध्ये वारला. जी इंग्रजी तेव्हा जन्मलीच नव्हती, तिच्यातली आद्याक्षरे त्याने कुठून आणली असती? लघुरूपच नसल्यामुळे पूर्णविरामांचाही प्रश्न उरत नाही.

खरा घातक सल्ला दुसरा आहे. 'सिक' फक्त दुसऱ्याचे शब्द उद्धृत करतानाच वापरायचे असते. अमेरिकेच्या 1787 च्या संविधानातील पहिल्या अनुच्छेदात, प्रतिनिधिगृहाने आपला सभापती निवडावा असे सांगताना, 'चूझ' या क्रियापदात दोन 'ओं'च्या जागी एकच 'यू' आहे. ते वाक्य जसेच्या तसे उतरवणारा त्या शब्दापुढे [सिक] लिहितो, तेव्हा तो एवढेच सांगतो की हे स्पेलिंग मुळातच असे आहे, माझ्या हातून बिघडलेले नाही. स्वतःच्या वाक्यात तेच लिहिणे म्हणजे आपल्या चुकीकडे परीक्षकाचे बोट धरून त्याला नेणे होय. भाचीचा तो शब्द मी शब्दकोशात पाहिला. स्पेलिंग चुकलेलेच होते, आणि संदेश वाचला नसता तर तिनेही ते पाहिलेच असते.

अपमानाच्या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. प्रतिपक्षाच्या किरकोळ टंकदोषापुढे 'सिक' ठोकून त्याला हिणवणारे लोक आहेतच. पण तो दोष वापरणाऱ्याचा आहे, शब्दाचा नव्हे. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणशैलीच्या प्रसिद्ध नियमावलीनेही उघड टंकदोष गाजावाजा न करता दुरुस्त करण्याची मुभा दिलेली आहे.