काबूलची ती शाळा, आणि तात्यांना न पटलेलं पोर्तुगाल

परवा रविवारी कट्ट्यावर जी जुंपली ती अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय. पाऊस नुकताच थांबलेला, नदीपात्राच्या बाजूने ढोल पथकाच्या सरावाचा आवाज येत होता आणि आम्ही नेहमीचे पाच जण अण्णाच्या टपरीसमोर. तात्या म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले, बापू तबल्याचे क्लास घेतो, ताई महापालिकेच्या शाळेत शिकवतात, आमचा डीजे (हे त्याच्या नावाचं शॉर्टफॉर्म, गाण्याशी संबंध नाही) आयटीत, आणि मी.

सुरुवात डीजेनेच केली. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ लावला, पंचवीसतीस मुली, डोक्यावर ओढण्या, कुणाच्या हातात रबाब, कुणाच्या सतार, मागे व्हायोलिन, चेलो, तबला, आणि समोर एक मुलगीच उभी राहून सगळ्यांना चालवतेय. काबूलच्या एका संगीत शाळेतल्या मुलींचा, अफगाणिस्तानातला पहिला मुलींचा ऑर्केस्ट्रा, नाव झोहरा. डीजे म्हणाला, बघा, हे असं असतं, म्युझिकला बॉर्डर नसते, भांडणारे लोक एकत्र बसले की समाज जोडला जातो, आपल्याकडे पण असं काहीतरी करायला पाहिजे.

तात्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "आणि आता कुठायत त्या पोरी?"

डीजे जरा हळू आवाजात म्हणाला, "पोर्तुगालला."

"मग कुठला समाज जोडला रे? काबूलमध्ये तर कुणीच राहिलं नाही. परदेशी पैसा आला, शाळा झाली, परदेशी लोक निघून गेले, शाळा संपली. ह्याला जोडणं म्हणायचं?"

मी आधी डीजेच्या बाजूने होतो आणि अजूनही बराचसा आहे, पण तात्यांचा प्रश्न वरवरचा नव्हता हे तेव्हाच कळलं. आपल्या पुण्यात अफगाण विद्यार्थी काही नवीन नाहीत, वर्षानुवर्षं इथे शिकायला येतायत. आमच्याच गल्लीत दोघं भाड्याने राहायचे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं त्या आठवड्यात त्यातला एक जण ह्याच कट्ट्यावर फोन हातात धरून बसलेला, घरी रेंज लागत नव्हती. तात्यांनीच त्याला रात्री जेवायला घरी नेलं होतं. त्यामुळे तात्या बोलतात ते दुरून बोलत नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही शाळा म्हणजे अफगाणिस्तान नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिक, २०१० मध्ये काबूलला सुरू झाली. डॉ. अहमद सरमस्त नावाचा माणूस, वडील स्वतः नावाजलेले संगीतकार, हा ऑस्ट्रेलियात संगीतात पीएचडी करून परत आला. १९९६ ते २००१ तालिबानच्या पहिल्या राजवटीत गाण्यावर बंदी होती, म्हणजे एक अख्खी पिढी वाद्य हातात न धरता मोठी झालेली. वर्ल्ड बँक, अमेरिका, जर्मनी असे बऱ्याच जणांचे पैसे त्यात होते, वाद्यं बाहेरून आली, शिकवायला अमेरिकेतून युरोपातून लोक गेले आणि भारतातूनही सतार, सरोद, तबला शिकवायला गुरू गेले.

इथे बापू पेटला. बापूला इतर वेळी बोलतं करायला लागतं पण हा त्याचा विषय. तो म्हणाला, "तात्या, परदेशी परदेशी काय लावलंय, तिथे आपण परदेशी नाही हो. १८६० च्या दशकात अमीर शेर अली खानाने इकडचे गवई आणि साजिंदे काबूलला नेले, दरबाराजवळ वसवले, त्या मोहल्ल्याचं नाव खराबात. त्यांच्याच वंशात मोठे अफगाण गायक उस्ताद सरआहंग झाले, ते शिकले कुणाकडे, तर पतियाळा घराण्याच्या आशिक अली खाँकडे. आणि उलट्या बाजूने बघा, आपला सरोद आला कुठून, अफगाण रबाबावरूनच ना? अमजद अली खाँसाहेबांचं घराणं बंगश, ते स्वतः सांगतात आमचे पूर्वज तिकडून रबाब घेऊन आले. म्हणजे शाळेत भारतातला गुरू जाऊन सरोद शिकवतो तेव्हा तो एका अर्थी परत करायला गेलेला असतो."

"ते ठीक आहे," तात्या म्हणाले, "पण खराबातचं काय झालं ते पण सांग की."

बापू गप्प झाला. कारण खराबात नव्वदच्या दशकातल्या यादवी युद्धात रॉकेटांनी उद्ध्वस्त झालं, वादक पेशावरला पळाले. शंभर वर्षांपेक्षा जास्त तिथे गाणंबजावणं होतं, त्याने गोळीबार थांबला नाही. तात्यांचं म्हणणं एवढंच होतं, की म्युझिकने समाज जोडला जातो हे वाक्य ऐकायला छान आहे पण जिथे जिथे बघायला जावं तिथे बंदूक आली की आधी वाद्य फुटतं.

आतापर्यंत ताई काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडताय. गाण्याने जोडतं की नाही हा प्रश्नच नाही. त्या शाळेत ॲडमिशन कुणाला मिळायची ते बघा."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला खरंच माहीत नव्हतं. शाळेतल्या निम्म्या जागा अनाथ मुलांसाठी, रस्त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, च्युइंगम विकणाऱ्या पोरांसाठी आणि मुलींसाठी राखलेल्या होत्या. आणि जे पोर रस्त्यावर विकून घरी पैसे नेत होतं ते शाळेत बसलं तर घरची कमाई बुडते, म्हणून शाळा त्या घरांना दरमहा थोडे पैसे द्यायची. ताई म्हणाल्या, "माझ्या वर्गात बांधकामावरच्या कामगारांची मुलं आहेत, यादगीर, नांदेड, बिहार कुठली कुठली. कितीही चांगलं शिकवा हो, सीझन बदलला, साईट बदलली की पोर गायब. सरमस्तांना हे कळलं होतं की पोराला आधी खुर्चीवर बसवायला लागतं, आणि त्यासाठी घरचं गणित जमवायला लागतं. त्याच्यानंतर मग गाणं."

मग सरमस्तांच्या शाळेत त्याच वर्गात पश्तून पण, हजारा पण, ताजिक, उझबेक पण, म्हणजे अफगाणिस्तानातल्या वेगवेगळ्या जमातींची. एरवी ज्यांच्या आईबापांनी एकमेकांच्या गल्लीत पाय ठेवला नसता अशी पोरं. झोहराची कंडक्टर नेगिन खपलवाक, कुनार प्रांतातली, काबूलला अनाथाश्रमात राहून शिकली, नातेवाईक विरोधात, वडील पाठीशी उभे राहिले म्हणून टिकली. ती दिल्लीमुंबईच्या घरातली मुलगी असती तरी आपण कौतुक केलं असतं, इथे तर गाव सोडून यायला लागलं होतं.

बापूने इथे अजून एक गोष्ट सांगितली जी मला फार आवडली. तो म्हणाला, त्या ऑर्केस्ट्रात वाद्यं बघा, हेरातकडचा दुतार (हे तारवाद्य), उत्तरेकडचं घिचक (हे गजाने वाजवायचं), पश्तूनांचा रबाब, ही एका मैफलीत एकत्र बसणारी वाद्यंच नव्हेत, ज्याची त्याची गावं वेगळी, पद्धत वेगळी. रबाबाला खाली तरफा म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या जादा तारा असतात, त्या सगळ्या लावायच्या, पाऊसपाण्याने चामडं उतरतं, तार चढते उतरते, आणि शेजारी पियानो, ज्याचा सूर हलवता येत नाही. म्हणजे रोज तासातली पहिली पंधरावीस मिनिटं नुसती एकमेकांना सूर देण्याघेण्यात जात असणार. "स्टेजवरचं तुम्ही बघता," बापू म्हणाला, "मी त्या पंधरा मिनिटांचा विचार करतो. ज्या पोरीच्या लोकांबद्दल तुला लहानपणापासून वाईटसाईट सांगितलंय तिचं वाद्य लागेपर्यंत तू गप्प बसून थांबतेयस, आणि हे रोज, पाच वर्षं."

तात्या काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि डाव्होस? तिथे जाऊन वाजवलं ना? श्रीमंतांपुढे?" हो, जानेवारी २०१७ मध्ये झोहराने स्वित्झर्लंडमधल्या डाव्होसला, वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या परिषदेत वाजवलं, मग जिनिव्हा, जर्मनी. त्याच्या आधी २०१३ मध्ये शाळेचा यूथ ऑर्केस्ट्रा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, तिथे विवाल्डी ह्या इटालियन संगीतकाराची 'चार ऋतू' ही रचना ह्यांनी अफगाण वाद्यं घालून 'अफगाणिस्तानचे चार ऋतू' करून वाजवली. तात्यांचं म्हणणं, हे सगळं दाखवण्यासाठी, बघा आम्ही काबूलमध्ये किती छान काम केलं.

इथे मी बोललो. माझं मत असं आहे की दाखवण्यासाठी नेलं असेलही, देणाऱ्यांचे हेतू मला माहीत नाहीत, पण त्या पोरांनी आणि त्या माणसाने त्याची किंमत स्वतः मोजलीय. डिसेंबर २०१४ मध्ये काबूलच्या फ्रेंच कल्चरल सेंटरमध्ये एक नाटक चालू होतं, आत्मघाती हल्ल्यांच्या विरोधातलं नाटक, शाळेची पोरं त्यात वाजवत होती, आणि त्याच प्रयोगात आत्मघाती हल्लेखोराने स्फोट केला. डॉ. सरमस्त प्रेक्षकांत होते. डोक्यात छर्रे घुसले, ऐकू येणं गेलं. संगीताच्या माणसाचे कान. ऑस्ट्रेलियात ऑपरेशन झालं, बरंचसं ऐकू यायला लागलं आणि तो माणूस काबूलला परत गेला आणि शाळा पुन्हा चालवायला लागला. ज्याला नुसतं दाखवायचं असतं तो ऑस्ट्रेलियातच राहतो.

थोडा वेळ कुणी बोललं नाही, ढोलाचा आवाज तेवढा येत होता.

मग २०२१. १५ ऑगस्टला काबूल पडलं. नेगिनने त्या दिवशी घरात स्वतःच्या कार्यक्रमांचे फोटो आणि पेपरातली कात्रणं गोळा करून जाळली, कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून. शाळेत तालिबानचे लोक येऊन बसले. शाळेची पोरं, शिक्षक, काहींचे घरचे असे मिळून २७३ जण गटागटाने दोह्याला काढले आणि डिसेंबरमध्ये लिस्बनला पोचले, पोर्तुगालने सगळ्यांना एकत्र आसरा दिला. आता शाळा ब्रागा शहरात भरते. बऱ्याच पोरांचे आईबाप मात्र मागेच राहिले.

"तेच म्हणतोय मी," तात्या म्हणाले, आता आवाज चढलेला नव्हता, "जे मागे राहिले त्यांच्यासाठी काय? २०२३ मध्ये हेरातला वाद्यांची होळी केली, फोटो आले होते, गिटार, तबला, हार्मोनियम सगळं एका ढिगात. आपल्या गल्लीत राहायचा तो अफगाण पोरगा गेल्या वर्षी मला फोनवर सांगत होता, त्याच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या दुकानात पण रेडिओ लागत नाही. ज्या गावासाठी केलं त्या गावात काही नाही आणि पोर्तुगालच्या गावात ऑर्केस्ट्रा. मला हे पटत नाही."

डीजे म्हणाला, "पण तात्या, जिवंत तर आहे ना. तिथे राहिले असते तर ते पण गेलं असतं."

"जिवंत आहे हे मान्य. जोडलं हे अमान्य."

मला वाटतं ह्या वाक्यात अर्धं खरं आहे. अर्धंच, कारण ब्रागातल्या त्या पोरांमध्ये अजून पश्तून हजारा ताजिक एकत्रच आहेत, आणि जगभर पसरलेल्या निर्वासित अफगाणांमध्ये ही गोष्ट सहज घडत नाही. पण दुसरं अर्धं मला जास्त टोचतं. मार्च २०२४ मध्ये ह्याच यूथ ऑर्केस्ट्राचा इंग्लंडचा दौरा ठरला, लंडनला साउथबँक सेंटरमध्ये कार्यक्रम, तिकिटं विकलेली, आणि निघायच्या काही दिवस आधी ब्रिटनने व्हिसा नाकारला. बोंबाबोंब झाल्यावर निर्णय फिरवला आणि पोरं गेली, वाजवून आली, पण बघा ना, इंटरनॅशनल सहकार्य म्हणून भाषणं करायची आणि दारात आलेल्या सोळा अठरा वर्षांच्या पोराला म्हणायचं तू परत जाशील ह्याची खात्री नाही. तो परत कुठे जाणार आहे? संस्कृतीची देवाणघेवाण ही सीडीची नसते, माणसांची असते, माणूस आत येऊ देणार नसाल तर त्याचं गाणं आवडतं असं म्हणू नका. हे मी कट्ट्यावर जरा जोरातच बोललो, अण्णाने पण वळून बघितलं.

ताई म्हणाल्या, "म्हणून मी ॲडमिशनचं म्हणते. प्रत्येक वेळी दार कुणाच्या हातात आहे तिथेच सगळं ठरतं. काबूलला सरमस्तांच्या हातात होतं, त्यांनी उघडलं. लंडनला दुसऱ्यांच्या हातात होतं." मग बापूकडे वळल्या, "तुझ्या क्लासचं दार कुणाच्या हातात आहे?"

बापू म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे फी किती आहे?"

बापूने सांगितली. ताई म्हणाल्या, माझ्या वर्गातला एक जण बाकावर दिवसभर ठेका धरतो, बाप सेंटरिंगच्या कामावर, घरी कन्नड बोलतात, मराठी अजून अडखळतं, पण कहरवा कुणी न शिकवता वाजवतो. अजून दोघंतिघं आहेत. बापू म्हणाला फीचं सोडा, घेऊन या. ताई म्हणाल्या फीचं सोडून चालत नाही, तो संध्याकाळी धाकट्या बहिणीला सांभाळतो, तिचं काय करायचं ते आधी सांग, आणि साईट बदलली की पुढे काय ते पण सांग. बापूकडे त्याचं उत्तर नव्हतं. तो बोटावर मोजायला लागला, घरी तीन जोड्या आहेत, एका डग्ग्याची पुडी फाटलीय, एका तबल्याची शाई उडालीय, नीट म्हणजे एकच.

"बहिणीला पण आणू दे," तात्या म्हणाले, "मी बसेन तिला घेऊन. सहा ते सात मला काही काम नसतं." आणि उठता उठता डीजेला म्हणाले, "तो व्हिडिओ पाठव मला, त्या पोराला पाठवतो, त्याने बघितलाय का विचारतो. पण पोर्तुगालचं मला पटलेलं नाही हां, पुढच्या रविवारी बोलू."